सोमवारचं औषध

"मोठे! अहो मोठे! माझ्या या दुसऱ्या गालानं काय घोडं मारलंय?"

हेडसर आरशाकडे बघत ओरडले, पण मोठे दुकानात नव्हतेच. सरांचा उजवा गाल गुळगुळीत होऊन चमकत होता आणि डाव्या गालावरचा फेस सुकून त्याला बारीक भेगा पडायला लागल्या होत्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून सरांना कुठेही वेळेवर पोहोचायचं नव्हतं, आणि तेव्हापासूनच त्यांना कुणी एक मिनिट ताटकळत ठेवलेलं खपत नव्हतं.

"सर, अर्धीच ठेवा," बाकावर नंबर लावून बसलेला बसड्रायव्हर म्हणाला. "जाताना हा गाल दाखवा, येताना तो. गल्लीला वाटेल, माणसं दोन आहेत."

अख्खा बाक हसला. आतल्या खुर्चीवर एका कारकुनाचे केस कापणारा धाकटाही हसला, पण त्याचं लक्ष मागच्या दाराकडे होतं.

दुकानात खुर्च्या दोनच. दाराजवळची मोठ्यांची, आतली धाकट्याची. हे मोठे आणि धाकटे म्हणजे भाऊ नव्हेत. मोठे हे धाकट्याच्या ताईचे नवरे, त्याचे दाजी. ऐन तारुण्यात उनाडक्या करत फिरणाऱ्या मेहुण्याच्या हातात त्यांनीच कात्री दिली आणि ती कशी धरायची तेही शिकवलं. आता धाकट्याच्या स्वतःच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, चष्मा लागला होता, तरी तो धाकटाच राहिला होता. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. ज्याच्या खुर्चीसाठी गिऱ्हाईक थांबतं तो मोठा, आणि थांबायला वेळ नसलेलं गिऱ्हाईक ज्याच्या खुर्चीत बसतं तो धाकटा, असा त्याचा साधा हिशेब होता. माणसांचा जमाखर्च मनात मांडायची त्याला खोडच होती. लग्नाआधी दर आठवड्याला येणारा लग्नानंतर केव्हा यायचा बंद झाला, डोक्यावर चार केस उरले तरी "वरून जरा बारीक" कोण सांगतो, नोकरी गेल्याचं बायकोच्या आधी खुर्चीला कोण सांगतो, सगळं त्याच्याजवळ जमा होतं.

दाजी मागच्या दाराने आले. मागे एक बेकरी होती आणि दोन्ही दुकानांत मिळून संडास तेवढा एक, बेकरीच्या गोदामाला लागून. दाजींचा चेहरा पिळून काढल्यासारखा दिसत होता. हात पुसत ते सरांच्या मागे उभे राहिले.

"माफ करा, सर. पोटाचं जरा…"

"अहो, पोट सगळ्यांनाच असतं. पण माणसाला असं चौकात उभं करून जायचं?"

 ब्रश ओला करून दाजींनी सुकलेल्या गालावर पुन्हा फेस चढवला. आरशात धाकट्याला त्यांचे कान लालबुंद झालेले दिसले. दाजींचा या धंद्यात एकच धर्म होता: खुर्चीत बसलेल्या माणसाला अर्ध्यावर सोडायचं नाही. धाकट्याला मुलगी झाल्याचा निरोप आला तेव्हा तो वस्तरा ठेवून धावत सुटणार होता. दाजी म्हणाले होते, "मुलगी आलीय ती काही परत जात नाही. आधी हनुवटी संपव." आणि आज तेच दाजी हेडसरांचा गाल अर्ध्यावर टाकून गेले होते.

संध्याकाळी शटर ओढताना ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "असं चालायचं नाही."

झालं होतं ते असं. काही महिन्यांपूर्वी दाजींचं पोट फुगलं, पाय सुजले. दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि लिव्हर आक्रसून गेल्याचं कळलं. डॉक्टरांनी मान वर न करता पहिला प्रश्न विचारला होता, "किती वर्षं पिताय?"

"चौथीत असल्यापासून," दाजी म्हणाले होते. "चहा."

डॉक्टर हसले नाहीत. पण पुढे त्यांनीच सांगितलं की दारूचा थेंब न घेणाऱ्यांचंही असं होतं. साखर, चरबी, वर्षानुवर्षं साठत जाते आणि लिव्हरला आतून जखडते. दिवसभर उभ्याउभ्या गोड चहा पिणाऱ्या आणि रात्री एकदमच भरपेट जेवणाऱ्या माणसाला हे नवीन होतं. ताईला तर त्याहून नवीन होतं ते लोकांचं बघणं. लिव्हर म्हटलं की समोरचा माणूस 'अच्छा' म्हणतो, आणि त्या एका शब्दात त्याने एक अख्खा गुत्ता बघितलेला असतो.

त्या वेळी बाकीच्या गोळ्यांबरोबर एक घट्ट, गोड सिरप मिळालं होतं. रोज घ्यायचं आणि दिवसातून दोन-तीन वेळा पोट साफ व्हायला हवं. का, ते डॉक्टरांनी सांगितलं असणार. पण बाहेर रांग होती, दाजी घाबरलेले होते आणि ताईचं लक्ष कागदावरच्या न वाचता येणाऱ्या अक्षरांकडे होतं. घरी पोहोचेपर्यंत त्यातलं एवढंच उरलं: पोट साफ ठेवायचं औषध.

हेडसरांच्या गालानंतरच्या आठवड्यात दाजींचं पळणं थांबलं. दिवसभर खुर्चीपाशी खांबासारखे उभे. बाक खूश, सर खूश, धाकटा खूश. "औषध मानवलं वाटतं," तो म्हणाला. दाजी म्हणाले, "हं." धाकट्याने पुढे विचारलं नाही. चांगली बातमी फार उलटसुलट करून बघू नये असं त्याला वाटायचं.

त्यातच पावडरवाला यायला लागला. हा तरुण माणूस व्यायामशाळेबाहेर डब्यातून विकायच्या पावडरी घेऊन फिरे, आणि केस कापायला आला की कापणाऱ्याची प्रकृती सुधारून जाई.

"काका, लिव्हर म्हणजे शरीराचं गाळणं," तो मान कापडात अडकलेली असतानाच सांगू लागला. "गाळणं तुंबलंय. त्याला डिटॉक्स द्या. आणि प्रोटीन एकदम बंद. डाळ, अंडी, दूध, सगळा भार तिथंच येतो."

"मग खायचं काय? तुझी पावडर?" ड्रायव्हरने विचारलं.

"रस. भाज्यांचा, फळांचा. आणि ही पावडर."

"मान सरळ ठेव," धाकटा म्हणाला. "नाहीतर कानाचं डिटॉक्स होईल."

दाजींनी पावडर घेतली नाही, पण बोलणं घरी नेलं, आणि ताईने ते देवाज्ञेसारखं पाळलं. डाळ गेली, अंडी गेली, दही गेलं. संध्याकाळी लवकर मऊ भात आणि उकडलेली भाजी, की सकाळपर्यंत काही नाही. धाकटा घरी गेला की ती अभिमानाने सांगायची, "लिव्हरवर कणभर ओझं पडू देत नाही मी." दाजींचे दंड सदऱ्याच्या बाहीत हलायला लागले होते. तिला वाटे, सूज उतरली.

धाकट्याला काहीतरी खटकत होतं, पण ते हातात येत नव्हतं. दाजी मंगळवारी दुकानात येत ते गळून गेलेले, पण डोकं जागेवर, थट्टेला थट्टा. बुधवार बरा. गुरुवारपासून मात्र ते जांभया द्यायला लागत. शुक्रवारी कुणाला सांगितलेला विनोद त्यालाच पुन्हा सांगत. शनिवारी दुपारी रिकाम्या खुर्चीत बसून झोपून जात. आणि ताई म्हणे, रात्री टक्क जागे असतात, घरभर फिरतात. एकदा त्यांनी धुतलेल्या टॉवेलांची चळत उचलली आणि ती कुठे ठेवायची ते आठवेना, तशी हातात घेऊन उभेच राहिले. धाकट्याने टॉवेल घेतले तर खेकसले, "मला कळत नाही का?" दाजी कधी खेकसत नसत. मग सोमवारची सुट्टी यायची आणि मंगळवारी पुन्हा दाजी ते दाजी. धाकट्याने आपल्या परीने हिशेब लावला: माणूस दमतो, सुट्टीत विश्रांती मिळते, सावरतो. हिशेब बरोबर जुळत होता. चुकीचे हिशेबही जुळतात, हे त्याला अजून ठाऊक नव्हतं.

त्या रविवारी दुकान गच्च भरलं होतं. दाजींच्या खुर्चीत हेडसर होते. फेस लावून झाला, वस्तऱ्यात नवीन पातं बसवून झालं. धाकटा आपल्या गिऱ्हाइकाच्या मानेवर पावडर मारता मारता सहज आरशात बघत होता, आणि त्याने ते पाहिलं. दाजींनी वस्तरा धरून मनगट मागे वळवलं, जबड्याखाली पातं टेकवलं, आणि त्यांचा हात पडला. थरथरला नाही. क्षणभर त्यातला जीवच निघून गेल्यासारखा खाली आला आणि लगेच सावरला, जणू काही झालंच नाही. पुन्हा वर गेला. पुन्हा पडला.

सरांच्या जबड्याखाली पांढऱ्या फेसात एक लाल टिपका उमटला आणि पसरू लागला.

 ब्रश टाकून धाकटा पुढे झाला. "दाजी, ताईचा फोन आहे. मागे जाऊन बोला. सरांचं मी बघतो."

"फोन वाजला कुठं?"

"वाजला. तुम्ही कामात होतात."

दाजी हातातल्या वस्तऱ्याकडे बघत राहिले. धाकट्याने तो हळूच काढून घेतला, मूल झोपल्यावर त्याच्या हातातलं खेळणं काढून घेतात तसा. जखमेवर तुरटी लावली. सरांनी आरशात मान उंचावून पाहिलं आणि हलक्या आवाजात, पण अख्ख्या बाकाला ऐकू जाईल असं, म्हणाले, "काल रात्री बैठक जोरात झालेली दिसते मोठ्यांची."

"ते पीत नाहीत, सर."

"मी कुठं काय म्हटलं?" सर म्हणाले. "हात बोलतो माणसाचा."

सर त्यानंतर त्या दुकानात आले नाहीत.

संध्याकाळी दाजी घरी पोहोचले नाहीत. ताईच्या फोननंतर धाकटा शोधत निघाला तेव्हा ते घराजवळच्या बसथांब्याच्या दोन थांबे पुढे, रस्त्याकडेच्या कठड्यावर बसलेले सापडले. "घरी चला," म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "दुकान उघडलं का?" आणि धाकट्याकडे असं पाहिलं की हा माणूस ओळखीचा आहे, पण नाव ओठावर येत नाही. रिक्षा घरी न नेता त्याने दवाखान्याकडे वळवली.

दवाखान्यात दाजींना ठेवून घेतलं. सलाइन लागलं, नळीवाटे औषध गेलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडून ताईला विचारलं, "तू जेवलीस का?" ताई तिथेच भिंतीला टेकून रडली.

सोडण्याच्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. बाई एका अरुंद खोलीत बसत होत्या. टेबलावर त्यांचा स्वतःचा डबा अर्धा खाऊन झाकून ठेवलेला होता. आवाज दमलेला होता, पण कंटाळलेला नव्हता.

"सिरप रोज घेता?"

"रोज," ताईने सांगितलं. "बाटली बरोबर वेळेवर संपते. मी बघते ना."

"मी त्यांना विचारतेय."

दाजी पायातल्या चपलांकडे बघत होते. "सोमवारी घेतो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"सोमवारी दुकान बंद असतं. घरी संडास आहे. आठवड्याचं सगळं सोमवारी घेतो." आणि त्यांनी घाईने जोडलं, "बाटली तोंडाला नाही लावत. मापानं घेतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, थोडं थोडं. माप एकदाही चुकवलं नाही."

ताईने कपाळाला हात लावला. "अहो, म्हणून दर सोमवारी तुमचं पोट बिघडायचं? मला म्हणालात, रविवारी बाहेरचं खाल्लं!"

धाकट्याच्या मनातला आठवडा एका झटक्यात उलटा झाला. मंगळवार, बुधवार, शनिवार. विश्रांतीचा त्यात काही संबंध नव्हता.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही सलूनमध्ये ना? केस रंगवायच्या डायचा वास येतो, नाकात झोंबतो तो?"

"अमोनिया."

"तोच. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात जंतू असतात. आपण खातो त्यातलं काही ते खातात आणि त्यातून अमोनिया तयार होतो. चांगलं लिव्हर तो रक्तातून उचलतं, त्याचं बिनविषारी काहीतरी बनवतं आणि लघवीतून बाहेर काढून देतं. तुमच्या लिव्हरला ते झेपत नाही. मग अमोनिया डोक्यात जातो. झोप उलटीपालटी होते, राग येतो, रस्ता विसरतो, हात पडतो. आणि हे सिरप नुसतं जुलाबाचं नाही. ती एक साखर आहे, अंगाला न लागणारी. ती थेट खाली त्या जंतूंपर्यंत जाते, तिथं आंबटपणा करते, आणि त्या आंबटपणात अमोनिया अडकून पडतो. रक्तात जायच्या आधीच शौचावाटे निघून जातो."

"तेच म्हणतो मी. साफसफाई," दाजी म्हणाले. "आठवड्याला एकदा चांगली धुऊन काढली की—"

"तुम्ही दुकान आठवड्यातून एकदा झाडता?"

दाजींचा अपमान झाला. "प्रत्येक गिऱ्हाइकानंतर झाडतो."

"मग?"

 बाहेर रांगेत कुणाचं तरी मूल रडत होतं.

"अमोनिया रोज तयार होतो, काका. सोमवारची वाट बघत नाही. आणि एका दिवशी इतकं औषध घेतलं की अंगातलं पाणी जातं, त्यानंही डोकं बिघडतं. बरं, खाणं काय?"

आता ताईला बोलायला जागा मिळाली. तिने सगळं सांगितलं, काय काय बंद केलं ते. सांगताना ती ताठ बसली होती. बाईंनी उठून दाजींचा दंड दोन बोटांत धरून पाहिला आणि कातडी सोडली.

"हे मांस कुठं गेलं?"

"सूज उतरली," ताई म्हणाली.

"सूज पायावर होती, ताई. हे स्नायू गेले. लिव्हर थकलं की अमोनिया आवरायचं बरंचसं काम स्नायू करतात. तेच उपाशी राहिले तर त्यांचंही काम थांबतं. डाळ हवी, दही हवं, अंडं हवं, दिवसभरात विभागून. आणि झोपायच्या आधी थोडं काहीतरी खायचंच. रात्रभर पोट रिकामं राहिलं तर शरीर स्वतःच्याच स्नायूंना हात घालतं."

ताईचा चेहरा हळूहळू उतरला. "म्हणजे मी माझ्या हातानं…"

"पूर्वी आम्हीसुद्धा बंदच करायला सांगायचो," बाई पटकन म्हणाल्या. "तुम्ही एकट्या चुकला नाहीत." पण ताईने ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ती नवऱ्याच्या दंडाकडे बघत होती.

वस्तरा यापुढे हातात घ्यायचा की नाही, ते बाईंनी डॉक्टरांवर सोपवलं. डॉक्टर म्हणाले, "माझं ऐकाल तर सोडा."

"दुसरं काही येत नाही मला," दाजी म्हणाले. "औषध रोज घेईन. आई शपथ."

 डॉक्टरांनी दोन्ही हात समोर ताठ धरून मनगटं मागे वळवली, रस्त्यावर गाडी थांबवताना धरतात तसे पंजे. "हे रोज सकाळी करायचं. पंजा पडला, जरासा जरी, तरी त्या दिवशी वस्तऱ्याला हात लावायचा नाही आणि इथं यायचं. पण हे तुम्ही बघायचं नाही. ज्याचा हात पडतो त्याला बऱ्याचदा पत्ता नसतो." आणि त्यांनी धाकट्याकडे पाहिलं.

त्या दिवसापासून दुकानाचं शटर अर्धं वर असतानाच एक काम व्हायला लागलं. आत अंधुक उजेडात दाजी दोन्ही हात समोर धरून पंजे मागे वळवत आणि धाकटा समोर उभा राहून बघे. पहिल्या दिवशी दोघांनाही हसू आलं. "मी काय चोर आहे, हात वर करायला?" दाजी म्हणाले. "पोलिसासारखे दिसताय," धाकटा म्हणाला. मग हसणं संपलं आणि नुसतं काम उरलं. हातात पहिल्यांदा कात्री देणाऱ्या माणसाला रोज सकाळी पास की नापास ते सांगायचं. "ठीक आहे, दाजी." एवढं म्हटलं की ते हात खाली करत, आणि दोघंही एकमेकांकडे न बघता शटर पूर्ण वर करत.

बेकरीवाल्याने संडासाची एक किल्ली कायमची दाजींना देऊन टाकली. "माझ्या भट्टीपेक्षा तुमची गरज गरम," तो म्हणाला. दाजी रोज सिरप घेऊ लागले, आणि अर्ध्या दाढीवरून उठायची वेळ आलीच तर धाकटा आपलं काम ठेवून त्यांचं पुरं करी. हा बदल दाजींनी कडू गोळी गिळल्यासारखा गिळला. ताई डब्यात उकडलेली अंडी, दही, घट्ट डाळ द्यायची आणि डबा रिकामा आला की नाही ते बघायची. तिने घरी सगळ्यांशीच बोलणं कमी केलं होतं. पावडरवाला एकदा आला तेव्हा धाकट्याने त्याचे केस मुकाट्याने कापले आणि एक शब्द बोलू दिला नाही.

बाक मात्र पूर्वीसारखा भरेना. हेडसर पलीकडच्या रस्त्यावरच्या काचेच्या दुकानात जाऊ लागले होते आणि त्यांच्याबरोबर त्यांचं ते एक वाक्यही. ड्रायव्हर राहिला. त्याला दाजींच्याच खुर्चीत झोप लागायची, आणि घरी ती लागत नसे.

बरेच दिवस सकाळी सकाळी "ठीक आहे"च म्हणावं लागलं. धाकट्याला वाटायला लागलं की चूक सापडली, दुरुस्त झाली, आता हिशेब मिटला.

मग एका सकाळी हात पडला.

अगदी थोडा. डावा नव्हे, उजवा. पानावर थेंब पडल्यावर पान लवतं आणि परत येतं, तेवढाच.  औषध चुकलं नव्हतं, त्याला माहीत होतं. ताई समोर उभी राहून देत होती. खाणं चुकलं नव्हतं. कुणाचीच काही चूक नव्हती, आणि हात पडला होता.

दाजी वाट बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर रोजचाच तो भाव होता, निकाल लागायच्या आधी मुलांच्या तोंडावर असतो तसा; फक्त या मुलाचे गाल बसलेले होते. आज नको, एवढे दोन शब्द. धाकट्याने ते तोंडात जुळवले. मग त्याला वाटलं, एवढंसं तर आहे. कदाचित आपल्याच डोळ्याला वाटलं असेल. दुपारपर्यंत बघू.

"ठीक आहे, दाजी."

दाजींनी हात खाली केले. शटर वर गेलं.

पहिलाच ड्रायव्हर आला, रात्रपाळी करून, आणि दाजींच्या खुर्चीत बसल्याबरोबर डोळे मिटून घेतले. "मोठे, उठवू नका, सांगून ठेवतो." आत धाकट्याच्या खुर्चीत एक कॉलेजातला मुलगा होता. धाकटा त्याचे केस कापू लागला, पण कात्री कुठे चालली आहे याचं त्याला भान नव्हतं. आरशात दाजी ड्रायव्हरच्या गळ्यावर फेस लावत होते. ब्रश खाली ठेवला. नवं पातं मधोमध मोडून त्याचा अर्धा भाग वस्तऱ्यात बसवला. ड्रायव्हरची हनुवटी एका बोटाने वर केली. गळ्याची शीर फेसाखाली हलकी हलकी उडत होती.

आता बोल, धाकटा स्वतःला म्हणत होता. आता. पण सकाळी 'ठीक' म्हणालेला माणूस आता काय म्हणणार? त्याच्या हातातली कात्री थांबली.

वस्तरा गळ्यापासून बोटभर अंतरावर होता. दाजी तिथेच थांबले. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलंच नाही. आतल्या खुर्चीवरची कात्री गप्प झाल्याचं त्यांनी ऐकलं होतं. मान न वळवता त्यांनी आरशातून धाकट्याच्या तोंडाकडे पाहिलं. माणसांची तोंडं बघण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

त्यांनी वस्तरा मिटला. धाकट्याच्या जवळ आले आणि तो त्याच्या तळहातावर ठेवला.

"या पोराला जरा थांबू दे, ड्रायव्हरचं तू बघ," ते हलकेच म्हणाले. मग आणखी हलक्या आवाजात, "सकाळी पडला होता ना?"

धाकट्याने मान हलवली.

"मग खोटं का बोललास?"

 दाजींच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.  "माझं जाऊ दे," ते म्हणाले. "त्याला तीन मुलं आहेत."

एवढ्या वेळात ड्रायव्हरच्या गळ्यावरचा फेस सुकत आला होता. दाजी परत गेले, ब्रश कोमट पाण्यात बुडवला आणि पुन्हा लावायला घेतला. सावकाश, गोल गोल, कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत, मिशीच्या कडेने जपून. मध्येच मनगट सुटलं आणि फेसाचा एक ठिपका ड्रायव्हरच्या नाकाच्या शेंड्यावर बसला. दाजींनी तो अंगठ्याने पुसला. धाकटा वस्तरा घेऊन शेजारी उभा होता. फेस केव्हाच पुरेसा झाला होता, दोघांनाही ते कळत होतं. पण त्याने घाई केली नाही आणि दाजीही थांबले नाहीत. दाढी दाट व्हावी तसा फेस दाट होत गेला.

शेवटी दाजी बाजूला झाले. धाकट्याने पुढे होऊन पातं टेकवलं. पहिली पट्टी निघाली तेव्हा ड्रायव्हरने एक डोळा उघडला. त्याला आरशात दिसलं: कुणाच्या हातात वस्तरा आहे, कोण खांद्यावर टॉवेल टाकून त्याच्या खुर्चीमागे उभा आहे. त्याने दोघांकडेही क्षणभर पाहिलं, मान जराशी आणखी वर केली आणि डोळा पुन्हा मिटून घेतला.